४७२ मायक्रॉन

सहावीत चष्मा लागला आणि नंबर वाढत वाढत मायनस ६ वर येऊन थांबला. लातूर-औसा गाडीवर रोजचं येणं-जाणं, पावसात दर दोन किलोमीटरला थांबून काच पुसायची, लेन्स घालावी तर धुळीनं डोळे लालभडक. म्हणून लेसर करून टाकायचं ठरवलं. माय म्हणाली, "काहून डोळ्याच्या मागं लागलास, दिसतंय ना?" पण मी ऐकलं नाही.

पहिल्या ठिकाणी गेलो तिथं डोळ्यातून लेन्स काढायला लावली आणि लगेच स्कॅन केलं, दहा मिनिटांत "होऊन जाईल, आज ॲडव्हान्स भरला तर डिस्काउंट, शनिवारी लेसर, सोमवारी कामावर". रिपोर्टवर बारीक अक्षरात ४७२ लिहिलेलं होतं, त्याबद्दल कुणी एक शब्द बोललं नाही. मला आजही याचा राग येतो.

मग मित्राच्या सांगण्यावरून संभाजीनगरला एका मॅडमकडे गेलो. त्यांनी पहिलंच विचारलं, लेन्स कधी काढली? म्हणलं, आत्ताच. "मग पंधरा दिवस बंद ठेवा आणि परत या, लेन्सनं बुबुळाचा आकार बदलतो, स्कॅन खोटं येतं." परत गेलो तेव्हा पेंटाकॅम नावाचं स्कॅन केलं, कॉर्नियाची, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक काचेची, जाडी तीच, ४७२ मायक्रॉन (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर), आकार मात्र व्यवस्थित. साधारण माणसाचा कॉर्निया ५४० च्या आसपास जाड असतो.

मॅडमनी रिपोर्टच्या पाठीमागं पेननं हिशोब मांडला. लेसिकमध्ये वरचा पापुद्रा म्हणजे फ्लॅप कापतात, त्याचे ११० गेले, एका नंबराला साधारण १४ मायक्रॉन जाळावे लागतात म्हणजे सहाचे ८४, खाली उरले २७८. २५० ही अगदी शेवटची हद्द, बरेच डॉक्टर ३०० च्या खाली जायला तयार नसतात. उरलेली काच कमजोर पडली तर डोळ्याच्या आतल्या दाबानं पुढे फुगते, त्याला एक्टेशिया म्हणतात, मग नंबर असा येतो की चष्म्यानंही नीट जात नाही. त्याखाली त्यांनी दुसरा हिशोब लिहिला. पीआरकेमध्ये फ्लॅपच नाही, वरची ५० मायक्रॉनची नाजूक कातडी काढून थेट लेसर, ती कातडी परत येते. उरतात ३३८. त्या म्हणाल्या, हे नको वाटलं तर डोळ्याच्या आत लेन्स बसवायची आयसीएल आहे, त्यात कॉर्निया जाळावा लागत नाही, पण आत जागा आहे का ते मोजावं लागतं.

मी पीआरके केलं. दुखतं, हे सरळ सांगतो. पहिले तीन दिवस डोळ्यात मिरची गेल्यासारखं, पाणी थांबेना, उजेड सहन होईना. गावात तुरीची राशी चालू होती, मळणीयंत्राची धूळ येऊ नये म्हणून मायनं खिडकीला ओली लुगडी लावली आणि दर दोन तासांनी ड्रॉप घालायला स्वतः उठायची. जखम भरेपर्यंत डोळ्यावर बँडेज लेन्स ठेवलेली होती, ती पाचव्या दिवशी काढली. पण लगेच स्पष्ट दिसत नाही बरं का, महिनाभर मोबाईलवरची अक्षरं धुरकट, एकदा तर वाटलं फसलो आपण. तिसऱ्या महिन्यात ६/६, म्हणजे नॉर्मल नजर. स्टिरॉइडचे ड्रॉप हळूहळू कमी करत नेले, ते चालू असेपर्यंत डोळ्याचं प्रेशर तपासत राहिले. आपल्याकडच्या उन्हात काळा चष्मा तर काढूच नका, उन्हानं कॉर्नियावर पांढुरकी झाक येऊ शकते.

हे सगळं लिहायला बसलो ते माझ्या मावसभावामुळं. त्याला लहानपणापासून डोळे चोळायची सवय, राशीला गेला की जास्तच. माझं बघून तोही लेसरला निघाला, म्हणलं आधी स्कॅन कर. केराटोकोनस निघाला, सुरुवातीचा, काच आधीच पातळ होऊन टोकदार व्हायला लागलेली. त्याला लेसिक केलं असतं तर काय झालं असतं, विचार करवत नाही. त्याचं सी३आर झालं, रिबोफ्लेविनचे थेंब टाकून अतिनील प्रकाश देतात, त्यानं काच घट्ट होते. त्याचा चष्मा आहे तसाच आहे. चोळल्यानं हे वाढतं, म्हणून आता डोळा खाजला की गार पाण्याचा रुमाल ठेवतो, हात वर गेला की मावशी लांबूनच ओरडते.