बारा वाजून सात मिनिटं

३० जून २०२४ च्या रात्री ठाणे अंमलदार म्हणून, म्हणजे पोलीस ठाण्यात फिर्यादी नोंदवून घ्यायला, बसायला कुणी राजी नव्हतं. बाराच्या ठोक्याला भारतीय दंड संहिता जाणार, भारतीय न्याय संहिता येणार, तपासाची आणि खटल्याची पद्धत ठरवणाऱ्या सीआरपीसीच्या जागी नागरिक सुरक्षा संहिता. पहिला गुन्हा ज्याच्या हातून दाखल होईल त्याची चूक जिल्हाभर गाजणार, अशी सगळ्यांची खात्री. कुणाच्या घरी अचानक पाहुणे आले, कुणाची पाठ धरली. माझी निवृत्ती जवळ आलेली, त्यामुळे मला भीती जरा कमी. खुर्ची माझ्या वाट्याला आली.

आमचं तालुक्याचं गाव बोरी नदीच्या काठचं. जून संपत आला की इथे लोक कापूस लावण्यात गुंतलेले असतात, त्यामुळे रात्री तशा शांत जातात. आदल्या रात्री भारताने टी-ट्वेंटी वर्ल्ड कप जिंकला होता, पोरांनी फटाके वाजवून झोप उडवलेली, म्हणून रविवारी तरी गाव लवकर झोपेल असा माझा अंदाज. टेबलावरच्या काचेखाली जुन्या-नव्या कलमांचा तक्ता सरकवून ठेवला होता. ३०२ चं १०३, ३७९ चं ३०३, ४२० चं ३१८. आणि आम्हा खाकीवाल्यांच्या जिव्हाळ्याचं ३५३, ते झालं १३२.

३५३ म्हणजे सरकारी नोकर काम करत असताना त्याच्यावर हल्ला करणं किंवा बळाचा वापर करणं. तक्त्यात नुसते आकडे होते, शिक्षा नव्हती, आणि खरी गंमत शिक्षेतच होती. मूळ कायद्यात ३५३ ला दोन वर्षं. ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबईत खारला ड्युटीवरच्या एका ट्रॅफिक हवालदाराच्या डोक्यात मारलं, काही दिवसांत तो गेला. अंगावर येणाऱ्यांना जरब बसली पाहिजे अशी ओरड त्या काळात राज्यभर होती. मग विधिमंडळाने महाराष्ट्रापुरती दुरुस्ती केली, आणि जून २०१८ पासून आपल्याकडे ३५३ ला पाच वर्षं झाली, खटलाही सेशनला गेला. नवी संहिता दिल्लीत झाली, तिच्यात आपली ही दुरुस्ती नाही. १३२ ला पुन्हा दोनच वर्षं, आणि खटला मॅजिस्ट्रेटपुढे. म्हणजे त्या रात्री महाराष्ट्रात पोलिसाची कॉलर बाराच्या आत धरली तर पाच वर्षं, बारानंतर धरली तर दोन. ट्रेनिंगला हे सांगितलं होतं तेव्हा मागच्या बाकावर हशा पिकला होता. नेमकी मध्यरात्री कोण कॉलर धरायला बसलंय?

११२ वरून कॉल आला तो ११ वाजून ३८ मिनिटांनी. गल्लीत डीजे चालू आहे, घरात बायपास झालेली आई आहे, खिडक्या हादरतात. दहानंतर स्पीकर बंद हा नियम आता शाळेतल्या पोरालाही माहीत आहे, पाळत कुणी नाही ती गोष्ट वेगळी. रात्रगस्तीची गाडी निघाली. गाडीत आमचे एक हवालदार, बरोबर एक होमगार्ड आणि ड्रायव्हर. हवालदार म्हणजे शांत गडी. त्यांनी कुणावर आवाज चढवलेला मी तरी ऐकला नव्हता. गाडीतल्या एमडीटीवर, म्हणजे कंट्रोलशी जोडलेल्या स्क्रीनवर, पोहोचल्याची वेळ पडली ११.५४.

सव्वाबाराच्या सुमारास वायरलेस खरखरला. आणखी माणसं पाठवा, साहेबांना सांगा.

साडेबाराला सगळी वरात ठाण्यात. पुढे हवालदार, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं, खिशावरची नेमप्लेट गायब. मागे एक पांढऱ्या पायजम्यातले वयस्कर गृहस्थ, आणि त्यांच्यामागे ज्याचा वाढदिवस तो पुतण्या, चौकातल्या फ्लेक्सवर ज्याच्या नावापुढे ‘युवा नेते’ लिहिलेलं होतं. एका गालावर केक तसाच. शेवटी होमगार्ड, हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत नेमप्लेट, आणि नेमप्लेटवर बोटभर पांढरं क्रीम.

झालं असं होतं. हवालदारांनी डीजे बंद करायला सांगितलं, पोरांनी आवाज कमी केला आणि पुन्हा वाढवला. नेहमीचा खेळ. शेवटी यांनी मिक्सरची वायर ओढली. काकांचा तोल गेला. पाहुण्यांसमोर, गल्लीसमोर आपल्या दारातला कार्यक्रम बंद पाडतो म्हणजे काय! त्यांनी हवालदारांची कॉलर धरून टेबलाकडे ढकललं. झटापटीत नेमप्लेट निघाली आणि थेट केकवर पडली.

आमचे पीएसआय नवीन, पोरगेलेसे, विदर्भातले. मनाने चांगले, पण आपल्या माणसाच्या अंगावर हात पडलाय म्हटल्यावर त्यांचं डोकं तापलेलं.

“नाना, वेळ काय टाकताय?”

“फिर्यादी सांगतील ती, साहेब.”

“पावणेबारा टाका. गाडी गेली, लगेच झटापट झाली. ३५३ लागेल. पाच वर्षं आहेत त्याला.”

“गाडीच ११.५४ ला पोहोचलीय, साहेब. कंट्रोलला नोंद आहे.”

“मग ११.५५ टाका!”

मी हवालदारांकडे बघितलं. ते बाकावर बसून पाणी पीत होते. “काय झालं ते सांगा,” मी म्हटलं. असल्या वेळी ते अहिराणीत बोलतात.

“केक कापाई गयथा, नाना. मीच थांबनू. म्हंतं, बारा वाजू द्या, पोऱ्याना वाढदिवस शे, कापू द्या. मंग वायर काढी.”

म्हणजे हे तिथे पोहोचल्यावर बाराची वाट बघत उभे राहिले होते! पोरांनी दहा, नऊ, आठ असं मोजत केक कापला, एकमेकांच्या तोंडाला फासला, आणि पाचेक मिनिटांनी ह्यांनी वायर ओढली. थांबले नसते तर कॉलर जुन्या कायद्यात धरली गेली असती. त्यांच्या माणुसकीने काकांची तीन वर्षं वाचवली, असं मी गमतीने म्हणालो. पीएसआय साहेबांना ते आवडलं नाही.

ते गप्प बसणाऱ्यातले नव्हतेच. शेजारच्या सिमेंटच्या दुकानावर कॅमेरा होता. दुकानदाराला उठवून, डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा, बघून ते पाऊण तासाने परत आले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर विजय होता. “नाना, कॅमेऱ्यात कॉलर धरतानाची वेळ स्पष्ट दिसतेय. २३.४९. आता बोला.”

गाडी पोहोचायच्या आधी पाच मिनिटं कॉलर धरली कशी, हे मी विचारलं तेव्हा ते जरा थांबले. डीव्हीआरची घड्याळं सरळ असतात असं ज्याला वाटतं त्याने कधी पंचनामा केलेला नसतो. बसवणारा एकदा वेळ लावून जातो, मग लाइट जाते, आतला सेल मरतो, घड्याळ हळूहळू मागे पडतं किंवा पुढे पळतं. म्हणून फुटेज घेताना डीव्हीआरच्या स्क्रीनवरची वेळ आणि मोबाईलवरची खरी वेळ एकाच वेळी बघायची, फरक पंचांसमोर लिहायचा. आम्ही पुन्हा गेलो, दोन पंच घेतले, नव्या कायद्याप्रमाणे सगळं मोबाईलवर चित्रित केलं. डीव्हीआर अठरा मिनिटं मागे निघाला. २३.४९ मध्ये अठरा मिळवा. बारा वाजून सात मिनिटं.

पुतण्याच्या मित्राच्या मोबाईलमधल्या व्हिडिओतही तेच. आकडे मोजण्याचा गलका, केक कापतानाची सुरी, आणि मग बराच वेळाने काकांचा हात. त्या व्हिडिओमध्ये केकचा एक कोपरा आधीच नाहीसा झालेला दिसतो आणि नेमप्लेट त्या रिकाम्या जागेजवळ रुतते. मुद्देमालाच्या पंचनाम्यात मी लिहिलं: एक पितळी नेमप्लेट, मागची पिन वाकलेली, पांढऱ्या रंगाचा चिकट गोड वासाचा पदार्थ लागलेली. गोड वासाचा हे लिहिताना पंचातले एक काका हसले, पण पंचनाम्यात जे आहे ते लिहायचं असतं.

आता दुसरी वाट उरली होती, आणि ती सुचणारच होती. इजा झाली असेल तर १२१ लागतं. जुन्या ३३२ ला मूळ कायद्यात तीन वर्षं होती, नव्या १२१ च्या पहिल्या पोटकलमात पाच केली आहेत. साधी इजाही पुरते, नखाचा ओरखडादेखील. गंभीर दुखापत असेल तर दुसरं पोटकलम, कमीत कमी एक वर्ष आणि दहा वर्षांपर्यंत. पीएसआय साहेबांनी हवालदारांना विचारलं, “मानेला काही लागलंय का? नीट बघा.” हवालदारांनी कॉलर खाली करून मान दाखवली. “माले काही लागनं नही, साहेब. बटण तुटनं.” तपासणीसाठी ठाण्याचं पत्र देऊन त्यांना ग्रामीण रुग्णालयात पाठवलं, डॉक्टरांनीही बाह्य जखम नाही असंच लिहून दिलं.

मग १३२. त्यात आणखी एक मेख निघाली. आधारवर काकांचं वय चौसष्ट. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मध्ये एक पोटकलम आहे: ज्या गुन्ह्याला तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षा, आणि आरोपी साठीच्या पुढचा किंवा आजारी, त्याला अटक करायची तर किमान डीवायएसपी दर्जाच्या अधिकाऱ्याची आधी परवानगी लागते. पाच वर्षांचं जुनं ३५३ असतं तर हा अडथळा आलाच नसता. तसंही २०१४ च्या अर्नेश कुमार निकालापासून सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात उठसूट अटक करायची नाही, आधी नोटीस, हे सुप्रीम कोर्टाने बजावलेलं आहेच. पहाटे अडीचला डीवायएसपी साहेबांना उठवून चौसष्ट वर्षांच्या माणसाला आत टाकायची परवानगी मागायला कुणीच तयार नव्हतं. नोटीस निघाली. काकांनी सही केली, चष्मा पुसला आणि हळू आवाजात विचारलं, “भाऊ, माले जेल व्हई का?” मी म्हटलं, ते कोर्ट ठरवेल, तुम्ही तारखेला येत जा.

गुन्हा सीसीटीएनएसला, म्हणजे पोलिसांच्या कॉम्प्युटर प्रणालीत, चढवायला चार वाजले. कलमांच्या यादीत १३२ शोधताना बोटं सवयीने ३५३ च टाइप करत होती. दुसऱ्या दिवशी टीव्हीवर नव्या कायद्यातला देशातला पहिला गुन्हा कोणता यावर चर्चा. सकाळी दिल्लीच्या एका फेरीवाल्याचं नाव चालू होतं, मग गृहमंत्र्यांनी सांगितलं की तो मान ग्वाल्हेरच्या मोटारसायकल चोरीचा, बारा वाजून दहा मिनिटांचा. आमची घटना त्याच्याही तीन मिनिटं आधीची! पण गुन्हा दाखल झाला पहाटे, त्यामुळे आम्ही कुठेच नाही.

त्या महिन्यात याच्या उलटी प्रकरणंही आली. जूनमधली घटना, फिर्याद जुलैत. तेव्हा कलम जुनं, ३५३, पाच वर्षांचं, पण फिर्याद नोंदवायची ती जुन्या १५४ खाली नव्हे, नव्या संहितेच्या १७३ खाली. एकाच कागदावर दोन कायदे. राज्यघटनेचं २० वं कलम सांगतं की गुन्हा घडला त्या वेळी जी शिक्षा होती त्याहून जास्त देता येत नाही. म्हणून घटनेची वेळ ही नुसती रकाना भरायची गोष्ट नाही, हे मी नव्या पोरांना तेव्हापासून नेमप्लेटचं उदाहरण देऊन सांगत असे.

खरं सांगायचं तर पाच वर्षं झाल्यानंतर लोक आमच्या अंगावर यायचे कमी झाले असं मला माझ्या ठाण्यात कधी दिसलं नाही. कॉलर धरणारा माणूस कायद्याचं पुस्तक वाचून धरत नाही. उलट झालं काय, की कॉलरचा साधा गुन्हाही सेशनला गेला. मॅजिस्ट्रेटने आधी कमिट करायचं, म्हणजे खटला सेशनकडे सोपवायचा, मग सेशनच्या बोर्डावर खुनाच्या, बलात्काराच्या खटल्यांच्या रांगेत उभं राहायचं. तोवर गल्लीतले साक्षीदार फितूर, होमगार्ड नोकरी सोडून गेलेला, फिर्यादी निवृत्त. वाळूच्या ट्रॅक्टरसमोर उभ्या राहिलेल्या आमच्या माणसांचे काही खटले मी असे वाळताना पाहिले आहेत. त्यांना पाच वर्षांपेक्षा लवकरची तारीख जास्त उपयोगाची होती.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, खाकी घातली म्हणून लपवण्यात अर्थ नाही. तलाठी कार्यालयात आवाज चढवला, ग्रामसेवकाला सुनावलं, की ३५३ ची धमकी, हे खानदेशात कुणालाही विचारा. नुसत्या शब्दांनी हल्ला होत नाही, असं कायद्यातच लिहिलंय. बंगळुरूच्या एका जोडप्याने ट्रॅफिक पोलिसांच्या फेसबुक पानावर तक्रार लिहिली म्हणून त्यांच्यावर ३५३ लावलं होतं, सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये ते रद्द केलं. बळाचा वापर हवा, हात लागायला हवा, निदान उगारायला तरी हवा. आमच्या काकांनी तर सरळ कॉलरच धरली होती, तिथे वाद नव्हता.

चार्जशीट मॅजिस्ट्रेट कोर्टात गेलं. मोबाईलच्या व्हिडिओला नव्या साक्ष अधिनियमाच्या ६३ खालचं प्रमाणपत्र जोडलं, डीव्हीआरच्या अठरा मिनिटांचा पंचनामा जोडला. सरकारी वकील मॅडम तो पंचनामा वाचून म्हणाल्या, हे आधीच लिहिलंत म्हणून बरं, नाहीतर आरोपीच्या वकिलाने पहिला प्रश्न हाच विचारला असता.

मुद्देमाल कारकुनाने मात्र मला पुरत्या शिव्या घातल्या. क्रीम पुसायचं नाही, कारण पुरावा. पुसलं नाही म्हणून पिशवीला मुंग्या, आणि त्या मुंग्या शेजारच्या गावठी दारूच्या सॅम्पलपर्यंत पोहोचल्या. शेवटी साहेबांच्या लेखी परवानगीने, पंचांसमोर, नेमप्लेट पुसली आणि त्याचाही पंचनामा केला. हवालदारांनी नवी नेमप्लेट स्वतःच्या पैशाने करून घेतली. जुनी खटला संपल्यावरच परत मिळणार, आणि ती मागायचा अर्ज कोणत्या नमुन्यात करायचा हे विचारायला ते मध्यंतरी माझ्या घरी आले होते.