पोलोचे शॉक आणि स्प्रिंग, सोसायटीच्या पार्किंगमध्ये

गाडी: २०१४ची पोलो जीटी टीएसआय, ९६ हजार किलोमीटर. चाकणच्या कारखान्यात जन्मली आणि निगडीत वाढली, म्हणजे माहेर-सासर हाकेच्या अंतरावर. शॉक, म्हणजे खड्ड्यातली उसळी थांबवणारे शॉक ॲब्झॉर्बर, चारही मूळचेच होते. गेल्या पावसाळ्यात ताम्हिणी उतरताना खचलेल्या पट्ट्यावर गाडी एकदा वर-खाली होऊन थांबायच्या ऐवजी दोन-अडीच हेलकावे घ्यायला लागली. मागच्या टायरवर आतल्या बाजूने तळवा फिरवला तर उंच-सखल, उंच-सखल. शॉक गेल्याचा एवढा पुरावा मला पुरे होता. बॉनेट दाबून किती वेळा उसळते ते मोजण्याची जी परीक्षा सगळे सांगतात, तिच्यात ही गाडी अगदी पहिल्या वर्गात पास होत होती, हेही नोंदवून ठेवतो. हाताने दाबल्यावर शॉकची दांडी ज्या वेगाने हलते, तो वेग खड्ड्यातल्या वेगाच्या पासंगालाही पुरत नाही.

आता एक कबुली. आधीच्या गाडीला मी स्प्रिंगचा एक वेढा ग्राइंडरने कापला होता. होय, मीच, याच हातांनी. गाडी बसकी दिसली, मित्रांनी फोटो काढले. आठ महिन्यांत चारपैकी तीन शॉकमधून तेल गळायला लागलं, कारण बिचारे सगळा वेळ बंप स्टॉपवर, म्हणजे दांडी पूर्ण आत गेली की अडवणाऱ्या ठोकळ्यावर, आपटत होते. कापलेल्या टोकाला बैठक नसल्यामुळे स्प्रिंग वाटीत फिरायची, स्टीअरिंग वळवलं की टंग करून वाजायची. तेव्हापासून एक ठरवलं की स्प्रिंग बदलायची तर तिला साजेसा शॉक सोबत घ्यायचा, नाहीतर दोन्ही राहू द्यायचे.

म्हणून यावेळी जोडी घेतली. शॉक बिल्स्टीनचे बी८, स्प्रिंग आयबाखच्या प्रो-किटमधल्या. बी६ आणि बी८ यांत बरेच जण गोंधळतात. बी६ मूळ लांबीचा असतो, मूळ उंचीच्या स्प्रिंगसाठी. बी८ची लांबी कमी केलेली असते, बसक्या स्प्रिंगसाठी. बसकी स्प्रिंग लांब शॉकवर चढवली की दांडी कायम अर्धी आत जाऊन बसते आणि खाली जायला जागाच उरत नाही. माझ्या जुन्या पापाचं मूळ तेच.

शॉक इथल्या विक्रेत्याकडून आले. स्प्रिंग जर्मनीतल्या मावसभावाने बॅगेत आणल्या. विमानतळावर कस्टमवाल्याने त्या काळ्या वेटोळ्यांकडे बघून विचारलं, "हे काय?" भाऊ म्हणाला, "दादाच्या गाडीच्या स्प्रिंगा." साहेबांनी एक उचलून बघितली, वजन जोखलं आणि म्हणे जा. खर्च विचारू नका. घरी सांगितलेला आकडा वेगळा आहे.

पहिला शनिवार, मागची बाजू

काम सुरू करायच्या आधी चारही चाकांच्या मध्यबिंदूपासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत उभं माप घेतलं. पुढे डावं ३८८ मिमी, उजवं ३८५. मागे ३९२ आणि ३९०. जमिनीपासून मोजू नका, टायरमधली हवा आणि पार्किंगचा उतार दोन्ही खोटं बोलतात. आपल्याकडच्या पोलोची उंची युरोपातल्या पोलोपेक्षा मुळातच जास्त ठेवलेली, ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचं पोट आणि जमीन यांतलं अंतर, १६८ मिमी. त्यामुळे स्प्रिंगच्या खोक्यावर "३० मिमी खाली" लिहिलेलं असलं तरी इथे त्याहून जास्त खाली जाणार, हे गृहीत धरलं होतं.

मागचं काम सोपं. पोलोला मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही मागची चाकं जोडणारा आडवा दांडा, आणि शॉक वेगळा, स्प्रिंग वेगळी. जॅक लावला, गाडी पेलायला लोखंडी घोड्या ठेवल्या. वॉचमन मामा दोन विटा घेऊन आले, "साहेब, या लावा, भक्कम आहेत." मामांना चहा पाजला आणि विटा कुंडीखाली ठेवल्या. वीट भार घेते घेते आणि एका क्षणी फुटते, आधी कुरकुरतही नाही.

बीमच्या खाली जॅकचा हलका आधार, शॉकचा खालचा बोल्ट, वरचे मडगार्डच्या आतले दोन बोल्ट. खालचा बोल्ट अकरा वर्षांचा. आदल्या रात्री डब्ल्यूडी-४० (गंज सोडवणारा स्प्रे) मारून ठेवलं होतं तरी पाना हलेना. टॉमीला पाइप चढवला, बाबा म्हणाले, "अरे, सोडायच्या आधी थोडा घट्ट कर, गंज तुटतो." बाबांनी पिंपरीत तीस वर्षं टूलरूममध्ये काढली आहेत. अर्धा इंच घट्टच्या बाजूला, कट्ट असा आवाज, मग सुटला. मी चाळीस मिनिटं झटत होतो, त्यांनी हातातला पेपरसुद्धा खाली ठेवला नाही.

दोन्ही शॉक सुटल्यावर बीम खाली घेतला की स्प्रिंग हाताने निघते, कंप्रेसर लागत नाही. एबीएसची वायर आणि ब्रेकचा पाइप ताणला जात नाही ना, ते मात्र बघत राहा.

जुना शॉक उभा धरून दांडी दाबली. एका बोटाने आत गेली आणि तिथेच बसून राहिली. बंप स्टॉप हातात घेतला तर शिळ्या नानकटाईसारखा भुगा झाला. नवा शॉक दाबायला मात्र सगळं अंग टाकावं लागलं, आणि सोडला की दांडी आपोआप सावकाश बाहेर येते. हा मोनोट्यूब आहे. नळीच्या तळाशी दाबाखालचा नायट्रोजन, मध्ये सरकता पिस्टन, वर तेल. तेलात हवा मिसळून फेस होत नाही, म्हणून घाटात अर्धा तास बडवला तरी पकड सैल पडत नाही.

स्प्रिंग बसवताना एक गंमत. एका टोकाला वेढे जवळजवळ, दुसऱ्या टोकाला लांब. मी डावी बसवली, उजवी बसवली, मागे सरून बघितलं तर एकीवरची अक्षरं सुलटी, दुसरीवरची शीर्षासनात. परत सोडलं. अक्षरं वाचता यावीत अशी स्प्रिंग बसते, आणि तारेचं टोक वाटीतल्या पायरीला टेकतं.

संध्याकाळी खूश होऊन चाकं लावली, १२० न्यूटन मीटरला टॉर्क पाना खटकन वाजला. जेवताना आठवलं की शॉकचा खालचा बोल्ट मी चाक हवेत लोंबकळत असताना आवळला होता. बोल्ट जातो त्या शॉकच्या डोळ्यात रबराचा बुश, म्हणजे एक नळी, असतो. हवेत आवळला तर गाडी जमिनीवर आल्यावर तो कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. रात्री साडेनऊला हेडलाइट डोक्याला बांधून परत खाली. बोल्ट सैल केले, बीमखाली जॅक लावून तो चालत्या उंचीइतका वर घेतला, मग आवळले. वरच्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतून: "चोरी झाली का रे?"

मधला आठवडा

पुढचं सामान तयार नव्हतं म्हणून आठवडाभर मागे नवं, पुढे जुनं अशी गाडी चालवली. हे मुद्दाम करा असं सांगणार नाही, गाडी नाक वर करून चालते आणि ब्रेकला विचित्र वाटते. पण शिकायला मिळालं. मागची बाजू खड्ड्यात एकदा धप्प करून गप्प, पुढची अजून लाटेवर. एकाच गाडीत दोन गाड्या. स्प्रिंग वजन उचलते, उसळी थांबवतो तो शॉक. वाचून माहीत होतं. त्या आठवड्यात पाठीला कळलं.

दुसरा शनिवार आणि रविवार, पुढची बाजू

पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे शॉक आणि स्प्रिंग एकाच खांबात, आणि या कुळातल्या गाड्यांची खोड अशी की शॉकची नळी नकलच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या लोखंडी भागाच्या, पकडीत रुतून बसलेली असते. दोन बोल्ट काढले की मोकळी, असं नाही. बोल्ट काढून पकडीच्या फटीत एक अवजार घालून ती किंचित फाकवावी लागते. कंपनीचं अवजार मागवण्यापेक्षा जुनी ॲलन की भोसरीतल्या लेथवाल्याकडून घासून चपटी करून आणली. फटीत घालायची, पाव फेरा फिरवायची, फट उघडते. छिन्नी ठोकू नका. पकड तडकली तर अख्खा नकल बदलावा लागेल.

लिंक रॉड (वळणात गाडीचं झुकणं रोखणाऱ्या दांड्याला स्ट्रटशी जोडणारी काडी) सोडला, ब्रेकच्या पाइपची क्लिप काढली, ब्रेकचा कॅलिपर लोंबकळू नये म्हणून तारेने टांगला. डावा स्ट्रट दीड तासात खाली आला. उजव्याने शनिवार खाल्ला. तेल, हातोडीचे हलके ठोके, परत तेल, चहा. शेवटी मी नकलवर पाय देऊन उभा आणि बाबा ॲलन की धरून, तेव्हा तो सरकला.

मग स्प्रिंग कंप्रेसर. या कामात हा एकच टप्पा असा आहे की चूक झाली तर दवाखाना. दोन हूक समोरासमोर, शक्य तितके वेढे पकडून, दोन्ही बाजू आलटून पालटून थोड्या थोड्या आवळायच्या. इम्पॅक्ट गन नाही, हाताने. तोंड कधीही स्प्रिंगच्या टोकासमोर नाही. स्प्रिंग वाटीत सैल हलायला लागली की मगच वरचं नट सोडायचं: दांडी ॲलन कीने धरायची, नट वाकड्या रिंग पान्याने. रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये हेच काम दोरीने बांधून करताना बघितलं आहे. त्यांची हिंमत त्यांना लखलाभ.

नव्या स्प्रिंग आखूड, त्यांना जेमतेम चार-पाच फेरे दाबावं लागलं. वरचं रबर माउंटिंग आणि बेअरिंग दोन्ही बाजूंना नवं टाकलं. जुनं बेअरिंग हातात फिरवलं तर वाळू भरल्यासारखं करकरलं, आणि तेवढ्यासाठी वर्षभराने पुन्हा हा सगळा खटाटोप कोण करणार? पकडीचे बोल्टही नवे. आधी टॉर्क आणि नंतर ठरावीक अंशात फिरवायचे बोल्ट ताणले जातात, ते दुसऱ्यांदा वापरायचे नसतात. आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर पांढऱ्या रंगाची रेघ ओढली, म्हणजे पुढे सैल झाला तर नजरेला दिसेल.

हिशेब

लगेच माप: पुढे ३५७ आणि ३५५, मागे ३६४ आणि ३६३. दोन आठवडे आणि सहाशे किलोमीटरनंतर पुढे ३५३, ३५१. मागे ३६१ दोन्हीकडे. म्हणजे पुढे सरासरी साडेचौतीस मिमी खाली, क्लिअरन्स साधारण १३३. नव्या स्प्रिंग सुरुवातीला अशा थोड्या बसतात, म्हणून चाकांचं अलाइनमेंट मी दोन आठवड्यांनी केलं. टो, म्हणजे चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन, बराच सरकला होता, स्टीअरिंग सरळ रस्त्यावर डावीकडे झुकलेलं. सोबत हेडलाइटचा झोतही जुळवून घ्या, ते बरेच जण विसरतात.

चालवायला कशी? ताम्हिणीत त्याच खचलेल्या पट्ट्यावर त्याच वेगाने गेलो, गाडी एकदा खाली गेली, वर आली, संपलं. ब्रेकला नाक खुपसत नाही. चाळीसच्या खाली मात्र खडखडीत झाली आहे, पेव्हर ब्लॉकची प्रत्येक फट कळते, आणि आईने मागच्या सीटवरून पहिल्याच दिवशी विचारलं, "नवीन म्हणालास ना?"

स्पीडब्रेकरचं तर विचारूच नका. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा उंचवटा ३.७ मीटर रुंद आणि १० सेंमी उंच असतो, त्यावरून ही गाडी अलगद जाते. पण आमच्या सोसायटीच्या दारातला उंचवटा कुणीतरी उरलेल्या सिमेंटचा घातलेला आहे. चौघे बसले की तिरकी घालावी लागते, पाच बसले की एक जण उतरतो. बसकी गाडी हवीच असं नसेल तर मी आज बी६ आणि मूळ उंचीच्या स्प्रिंग सुचवेन. मजा नव्वद टक्के शॉकची आहे. माझ्या डोक्यात ते जुने फोटो होते, त्याला इलाज नाही.

एक काम उरलं आहे. पुढच्या उजव्या बाजूने, फक्त हळू वेगात आणि फक्त एक चाक खड्ड्यात गेलं की, बारीक टक आवाज येतो. पांढऱ्या रेघा जागेवर आहेत, वरचं नट घट्ट आहे. संशय लिंक रॉडवर, तो एकटाच जुना राहिला. जोडी मागवली आहे, शनिवारी चाक काढतो.