मॅडम, 'बट' काहून कापलं?

घाटंजी तालुक्यातल्या एका गावात मी दहावीला इंग्रजी शिकवते. विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा उघडते, जूनच्या शेवटी, आणि उघडते तेव्हा नेमकी पेरणीची घाई सुरू असते, त्यामुळे पहिले पंधरा दिवस अर्धा वर्ग सरकी टोबायला, म्हणजे कपाशीचं बी हातानं लावायला, शेतात. त्या वर्षी मृगात एक पाणी बरं आलं, लोकांनी लगेच टोबून घेतलं, आणि मग जी उघाड पडली ती पडलीच. जुलैत बऱ्याच घरी दुबार पेरणी, म्हणजे बियाण्याच्या पाकिटांचा खर्च पुन्हा, आणि पोरं पुन्हा शेतात.

अशात मी क्लॉजची, म्हणजे उपवाक्यांची टेस्ट घेतली. सिम्पल, कंपाउंड, कॉम्प्लेक्स ओळखा, वाक्यं जोडा, आणि शेवटी 'दो' (though, म्हणजे 'जरी') वापरून एक वाक्य स्वतःच्या मनानं लिहा. दोन दिवस गैरहजर राहून आलेल्या एका मुलीनं लिहिलं होतं, "दो द रेन केम, बट द कॉटन डिड नॉट ग्रो." मी नेहमीसारखा लाल पेननं 'बट' कापला, अर्धा मार्क कमी केला, पुढचा पेपर घेतला. 'दो' आलं की 'बट' नाही, हे मी वर्षानुवर्षं सांगत आलेय आणि वर्षानुवर्षं पोरं 'बट' लिहीतच आलीत.

पेपर वाटले तर ती टेबलाजवळ येऊन उभी राहिली. ही मुलगी वर्गात सहसा बोलत नाही. म्हणाली, "मॅडम, आपल्यात 'जरी' म्हटलं का 'तरी' म्हनाच लागते ना? मंग तुमी 'बट' काहून कापलं?"

मी म्हटलं, नियम आहे तसा. ती "हाव" म्हणून जागेवर जाऊन बसली, पण तिचं काही समाधान झालं नव्हतं आणि खरं सांगायचं तर माझंही नाही. आपल्याकडे 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे दहा वर्षं इंग्रजी शिकलेलं लेकरू एक सरळ प्रश्न विचारतंय आणि मी त्याला नियम आहे म्हणून बसवते, हे मला दिवसभर टोचत राहिलं.

मधल्या सुट्टीत खिचडी वाटून झाली आणि मी तो गठ्ठा पुन्हा काढला. या वेळी मार्क बघितले नाहीत, फक्त चुका बघितल्या. 'दो'सोबत 'बट', 'बिकॉज'सोबत 'सो', ज्यांची इंग्रजी चांगली त्यांचंही तेच. हा निष्काळजीपणा नव्हताच, सगळे एकाच जागी एकच शब्द जास्तीचा घालत होते. तेवढ्यात खिडकीबाहेर आमचे शिपाईदादा कोणाला तरी सांगत होते, "पानी आलं त पेरू, नाई त राहू दे." मी तिथंच थांबले. या वाक्यात 'जर' कुठंय? नाहीच! आपल्या वऱ्हाडीत 'जर' कोणी म्हणतच नाही, नुसता 'त' ठेवतात. "पानी आलं तरी सरकी निघाली नाई", इथं 'जरी' गेला आणि 'तरी' राहिला. "बस आली नाई म्हनून उशीर झाला", इथं 'कारण' कुठंच नाही, सगळा भार 'म्हनून'वर. आणि इंग्रजी बरोबर याच्या उलट करते, 'इफ', 'दो', 'बिकॉज' ठेवते आणि नंतरचा शब्द सोडून देते. म्हणजे मी पोरांना जो शब्द सोडा म्हणत होते, तोच त्यांच्या भाषेत कधी न सुटणारा शब्द होता.

शेवटचा पिरियड मराठीच्या सरांकडून मागून घेतला. फळ्यावर शिपाईदादांचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं, पोरं हसली, मग त्याखाली इंग्रजी लिहिलं, "इफ इट रेन्स, वुई विल सो." हा 'सो' म्हणजे पेरणं (sow). म्हटलं, 'त' कुठं गेला शोधा. बराच वेळ कोणी बोललं नाही, मग त्याच मुलीनं बोट केलं, कॉमावर. बरोबरच होतं की ते! 'इफ'वालं, 'दो'वालं वाक्य आधी आलं की मध्ये कॉमा येतो, तिथंच आपला 'त' किंवा 'तरी' बसायचा.

पण 'बट' का नको हे अजून राहिलंच होतं. मराठीच्या तासाला केवल, संयुक्त, मिश्र वाक्य त्यांनी केलंय, ते आठवायला लावलं. बट, अँड, ऑर, सो हे दोन बरोबरीची वाक्यं जोडतात, जुवाखाली दोन बैल असतात तशी, ते संयुक्त. दो, बिकॉज, इफ, व्हेन हे एका वाक्याला दुसऱ्याच्या मागं बांधतात, बंडीच्या मागं दोरीनं गाय बांधून बाजारात नेतात तसं, ते मिश्र. मागच्या बाकावरचा एक पोरगा, जो ग्रामरच्या तासाला बहुतेक बाहेरच बघत असतो, तो उठून म्हणाला, "मॅडम, म्हनजे तिनं एकाच जनावराले मागं बी बांधलं अन जुवात बी घातलं." इतकं नीट तर मलाही सांगता आलं नसतं. 'दो द रेन केम' मागं बांधलेलं, 'बट द कॉटन' जुवात जोडीदार मागणारं, मग बंडी ओढणार कोण?

मग आम्ही एक केलं. मी अर्धवट तुकडे वाचायचे आणि जो लटकत राहील त्याला सगळ्यांनी "मंग?" विचारायचं. "व्हेन द बस कम्स." मंग? "बिकॉज द वेल इज ड्राय." मंग? "द बुल्स आर टायर्ड." सगळे चूप. ते चूप राहणं म्हणजे मेन क्लॉज. "हू ड्राइव्हज द ऑटो" आलं तेव्हा मात्र घोटाळा झाला, अर्धे म्हणाले हा तर प्रश्नच आहे, आणि एक जण म्हणाली इथं "मंग?" नाही, "कोन?" येते. तिचं खरं आहे, तो नामाला चिकटणारा क्लॉज, त्याची गोष्ट वेगळी. आपण 'जो ऑटो चालवतो तो माणूस' म्हणतो, किंवा सरळ 'ऑटोवाला' म्हणून मोकळे होतो. घंटा झाली, ते तिथंच राहिलं.

रात्री घरी थोडं वाचलं. 'इफ'नंतर 'देन' चालतं, जुन्या इंग्रजीत 'दो'नंतर 'येट'ही चालायचं, 1611 च्या इंग्रजी बायबलात 'दो... येट' अशी जोडी सरळ सापडते. तिथं 'देन' आणि 'येट' क्रियाविशेषण म्हणून येतात, 'बट'सारखे बरोबरीचा जोडीदार मागत नाहीत. म्हणजे त्या मुलीला 'तरी'ची जी गरज वाटत होती तीच चारशे वर्षांपूर्वी इंग्रजी लिहिणाऱ्यांनाही वाटत होती, फक्त तिनं शब्द दुसरा घेतला. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर तिला बाजूला घेऊन हे सांगितलं. तिनं विचारलं, "मंग मी येट लिहू का?" मी म्हटलं चुकीचं नाही, पण बोर्डाच्या पेपरात कॉमावरच थांब.

पुढच्या आठवड्यात तिची वही तपासायला आली. "दो द रेन केम, द कॉटन डिड नॉट ग्रो." आणि कॉमाच्या बरोबर वर, पेन्सिलनं, बारीक अक्षरात लिहिलेलं, 'तरी'. मी ते तसंच राहू दिलं. खाली सही केली, आणि घरी सरकी निघाली का ते विचारलं. दुसऱ्या वेळची निघाली म्हणाली, धुऱ्याकडच्या दोन ओळी सोडून.