'मला वाटतं' या दोन शब्दांपासून

संघर्ष सोडवताना समानुभूतीने कसे बोलावे, हे शिकवणाऱ्या कार्यशाळा मी गेली काही वर्षे घेते. सुरुवातीलाच मी प्रत्येकाला एक वाक्य लिहायला सांगते: ज्या माणसाशी तुमचे बिनसले आहे, त्याच्याबद्दल 'मला वाटतं' या शब्दांनी सुरू होणारे. 'मला वाटतं तो स्वार्थी आहे', 'मला वाटतं तिला माझी किंमत नाही' अशी वाक्ये कागदावर उतरतात. मग मी विचारते, यात तुमची भावना कुठे आहे? मराठीतले 'वाटणे' हे क्रियापद मताचेही काम करते आणि भावनेचेही. 'मला भीती वाटते' म्हणणारा स्वतःबद्दल काही सांगत असतो. 'मला वाटतं तू स्वार्थी आहेस' म्हणणारा मात्र समोरच्याचा निवाडा करून मोकळा झालेला असतो. हा फरक एकदा कानाला कळला की आपण भावना म्हणून जे बोलत आलो त्यात आरोप किती होते, हे माणसाला स्वतःलाच ऐकू येऊ लागते.

मी जी पद्धत शिकवते ती अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शल रोझेनबर्ग (१९३४–२०१५) यांनी १९६०च्या दशकापासून घडवली. लहानपणी त्यांनी डेट्रॉइटमधली १९४३ची वांशिक दंगल पाहिली होती, आणि काही माणसे हिंसेकडे वळतात तशीच काही माणसे बिकट प्रसंगीही करुणा का सोडत नाहीत, हा प्रश्न त्यांनी पुढे आयुष्यभर धरून ठेवला. महात्मा गांधींच्या अर्थाने अहिंसा हा शब्द घेऊन त्यांनी या पद्धतीला 'अहिंसक संवाद' असे नाव दिले. तिच्या चार पायऱ्या आहेत: निरीक्षण, भावना, गरज आणि विनंती.

यांतली गरज ही पायरी शिकवायला मला सर्वांत अवघड जाते. आपल्या भाषेत 'गरजू' म्हटले की हात पसरलेला माणूस डोळ्यांसमोर येतो, त्यामुळे 'मला आधाराची गरज आहे' हे साधे वाक्य म्हणताना भल्याभल्यांची जीभ अडखळते. त्यापेक्षा 'तुला कुणाची पर्वाच नाही' हे म्हणणे सोपे जाते, कारण त्यात आपले काही उघडे पडत नाही. मी अशा वेळी घाई करत नाही. तो शब्द तोंडात रुळायला वेळ लागतो आणि तो वेळ देणे हेच शिकवणाऱ्याचे काम आहे, असे माझे मत आहे.

सुरुवातीच्या काळात मी नेमके उलटे करत असे. चारही पायऱ्या फळ्यावर लिहून त्या क्रमाने वाक्ये पाठ करून घेत असे. एक गृहस्थ आठवड्याने परत आले आणि म्हणाले, "मी तुम्ही सांगितलं तसंच बोललो, पण बायको म्हणाली, वर्गातलं नको, तुझं बोल." त्यांचे काही चुकले नव्हते, चूक माझ्या शिकवण्याची होती. साचा आधी आणि ऐकणे नंतर, असा क्रम मी लावला होता. त्यानंतर मी पहिला पूर्ण दिवस केवळ ऐकण्याला देऊ लागले.

ऐकण्याचा सराव साधा दिसतो. एकाने बोलायचे, आणि दुसऱ्याने उत्तर देण्याआधी आपल्याला काय समजले ते सांगायचे. बोलणारा 'हो, हेच' म्हणेपर्यंत स्वतःची बाजू मांडायची नाही. समोरच्याचे म्हणणे मान्य करणे वेगळे आणि ते समजले आहे हे त्याला कळू देणे वेगळे, हे मला प्रत्येक वेळी नव्याने सांगावे लागते. आणखी एक गोष्ट मी आवर्जून सांगते: जिथे मारहाण किंवा धमकी आहे तिथे आधी सुरक्षितता पाहावी. समजून घेण्याचा भार सोसणाऱ्यावर टाकणे म्हणजे करुणा नव्हे.

एकदा या सरावाला दोन सख्खे भाऊ समोरासमोर बसले होते. थोरला म्हणाला, "आईचं सगळं मीच बघायचं का?"

धाकट्याने प्रयत्न केला. "तुला म्हणायचंय, मी बेजबाबदार आहे."

"नाही."

"मी जास्त पैसे द्यायला हवेत?"

"नाही रे."

बराच वेळ धाकटा आपल्या हातांकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "दादा, रात्री उशिरा तिचा फोन आला की तुझ्या पोटात धस्स होतं. आणि तेव्हा तू एकटाच असतोस."

थोरल्याला लगेच 'हो' म्हणता आले नाही. त्याने नुसती मान हलवली. थोड्या वेळाने त्याने विनंती केली: "दर बुधवारी रात्री तिचा फोन तू घेशील?"

"बुधवारी नाही जमणार, दादा. कामावरून यायलाच उशीर होतो."

विनंती आहे की हुकूम, हे नकार आल्यावरच कळते, असे मी त्याच सकाळी शिकवले होते. थोरल्याचा जबडा आवळलेला मला दिसला. जुने वाक्य त्याच्या ओठांवर आले असावे. त्याने ते गिळले, खुर्ची थोडी पुढे ओढली आणि विचारले, "मग कोणता वार जमेल?"