उतार शिकताना: यॉर्कशरच्या थ्री पीक्स शर्यतीचा माझा अनुभव

उत्तर इंग्लंडच्या यॉर्कशर डेल्समधली थ्री पीक्स ही डोंगरांवरून धावण्याची शर्यत दरवर्षी एप्रिलच्या अखेरीस होते. हॉर्टन-इन-रिबल्सडेल या छोट्या गावातून निघायचं, पेन-इ-गेंट (६९४ मीटर), व्हर्नसाइड (७३६ मीटर) आणि इंगलबरो (७२३ मीटर) हे तीन डोंगर ओळीने चढून-उतरून परत हॉर्टनला यायचं. अंतर ३७ किलोमीटरच्या थोडं वर, एकूण चढाई १६०८ मीटर. कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे, त्यामुळे नुसते उंचीचे आकडे ऐकून सह्याद्रीतल्या माणसाला या डोंगरांचा अंदाज येत नाही. इथल्या मातीचं पाणी वेगळं आहे, आणि ते पायाखाली आल्याशिवाय कळत नाही.

मी मूळची साताऱ्याची. यवतेश्वरचा घाट धावत चढायची सवय कॉलेजपासूनची. नोकरीनिमित्त लीड्सला आले, तिथल्या एका रनिंग क्लबात नाव घातलं आणि मंगळवारच्या गटाबरोबर इल्कली मूरवर जायला लागले. उत्तर इंग्लंडमध्ये अशा उघड्या डोंगरांना आणि माळांना फेल म्हणतात. झाड औषधालाही नाही. गवत, दगड, पीटची, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या मातीची, काळी दलदल, मेंढ्या आणि मेंढ्यांनीच पाडलेल्या वाटा. यावरून धावणं म्हणजे फेल रनिंग. इथे शर्यतींची प्रतवारी चढावरून लावतात. किलोमीटरमागे सरासरी ५० मीटर किंवा जास्त चढ असेल तर ए वर्ग, किमान २५ मीटर असेल तर बी. अंतर २० किलोमीटरच्या पुढे गेलं की शर्यत लांब पल्ल्याची धरतात. थ्री पीक्समध्ये किलोमीटरमागे ४३ मीटर पडतात. म्हणजे चढ भरपूर, पण मधेमधे पळायला मोकळी जागाही भरपूर, आणि ती पळावीच लागते.

कारण वेळेची मर्यादा. पहिली शर्यत १९५४ साली झाली तेव्हा सहा जण निघाले आणि तिघांनीच ती पूर्ण केली. १९९६ साली अँडी पीसने हे अंतर २ तास ४६ मिनिटांत काढलं, बायकांमध्ये व्हिक्टोरिया विल्किन्सनने २०१७ साली ३ तास ९ मिनिटांत. हे लोक कसे धावतात ते बघावं आणि हात जोडावेत. माझ्यासारख्या हौशी धावकाने पाठ करायचे आकडे दोनच: रिबलहेडला २ तास १० मिनिटांच्या आत पोचायचं आणि दुसऱ्या डोंगरानंतरच्या हिल इन या पबला साडेतीन तासांच्या आत. उशीर झाला की तिथेच शर्यत संपते. रिबलहेड साधारण अर्ध्या अंतरावर आहे आणि तोवर फक्त पहिला डोंगर झालेला असतो.

नाव नोंदवण्याआधी, नोव्हेंबरातच, मी कागदावर हिशेब मांडला. चढावर कितीही जीव काढला तरी माझ्या वयाच्या बाईची दोन-तीन मिनिटं वाचणार. पेन-इ-गेंटवरून उतरताना आणि पुढच्या हाय बर्कविथपासून रिबलहेडपर्यंतच्या खालीवर जाणाऱ्या वाटेवर मात्र दहा-बारा मिनिटं सहज वाचू शकतात, किंवा तितकीच जाऊ शकतात. सगळे विचारतात, चढाची तयारी कशी केलीस? मी तो सबंध हिवाळा उतरायला शिकण्यात घालवला.

उतारावर मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच भार घेतो, ब्रेकचं काम करतो. चढताना तो आखडत काम करतो, त्याने दम लागतो पण स्नायू फारसा दुखावत नाही. उताराने तो आतून दुखावतो, आणि ते दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतं. दिलासा एवढाच की याची सवय लागते. बेताचा उतार ठरावीक दिवसांनी पुन्हा पुन्हा केला की तेच अंतर पुढच्या वेळी कमी दुखवतं. दवाखान्याच्या फार्मसीत दिवसभर उभं राहायचं काम असल्याने मला हे हळूहळूच वाढवावं लागलं.

शिकवलं ते क्लबातल्या एका साठी ओलांडलेल्या बाईंनी. इल्कलीला काऊ अँड काफ नावाचे मोठे खडक आहेत, त्यांच्या बाजूच्या उतारावर त्यांनी मला डोक्याला दिवा बांधून अंधारात उतरायला लावलं. ओल्या गवतावर माणूस आपोआप मागे कलतो आणि टाच रोवतो. टाच रोवली की पाय पुढे सटकतो आणि माणूस पाठीवर. त्या म्हणाल्या, "पुढे झुक. भीती वाटेल, तरी झुक." अंग उताराला काटकोनात, पावलं आखूड आणि भराभर, हात दोन्ही बाजूंना मोकळे सोडलेले, नजर पायाखाली न ठेवता तीन-चार पावलं पुढे. दगडावर पाय टेकला तर तो क्षणभरच टेकायचा, भार पडायच्या आत उचलायचा. त्या वयात त्या माझ्यापुढे अशा भरभर उतरत जायच्या की दिव्याचा ठिपका तेवढा दिसायचा. आठवड्यातून एकदा हा उतार, दुसऱ्या दिवशी फक्त चालणं, असा क्रम मी फेब्रुवारीपर्यंत ठेवला. अमुक दिवशी जमलं असं काही नाही सांगता येणार. मार्चमध्ये एकदा खाली पोचल्यावर लक्षात आलं की आपण वाटेत भ्यायलो नाही.

दलदल वाचायलाही त्यांनीच शिकवलं. झगझगीत हिरवं शेवाळ दिसलं तर तिथे पाय घालू नये, खाली नुसतं पाणी असतं. ताठ, गोल दांड्याचं लव्हाळं म्हणजेही ओल, पण त्याच्या बुंध्यावर पाय टिकतो. हेदरची तपकिरी झुडपं असतील तर जमीन बहुतेक कोरडी. आणि काळा पीट उघडा पडला असेल तर पावसाळी दिवसांत वळसा घ्यावा, नाहीतर मांडीपर्यंत आत. बूट ओढून काढताना पायात गोळा येतो, शिवाय बूट तिथेच राहून गेल्याच्या गोष्टी क्लबात प्रत्येकाकडे आहेत.

शनिवार-रविवार मार्ग पाहण्यासाठी. लीड्सहून सेटल-कार्लाइल मार्गाची गाडी थेट हॉर्टनला जाते, त्यामुळे कार नसली तरी अडत नाही. सकाळच्या गाडीने जायचं, एक तुकडा धावायचा, रिबलहेड स्टेशनवरून संध्याकाळची गाडी पकडायची. या भेटींत नकाशा आणि होकायंत्र हातात धरूनच धावायचं असा माझा नियम होता. इंगलबरोचा माथा सपाट आणि ऐसपैस आहे. धुकं असलं की तिथे दहा पावलांपलीकडचं दिसत नाही, चारही बाजू सारख्याच वाटतात आणि चुकीच्या कडेने उतरायला लागलं की माणूस भलत्याच दरीत पोचतो. माथ्यावरच्या दगडी आडोशाशी उभं राहून हॉर्टनची दिशा होकायंत्रावर लावायची आणि मोजून पावलं टाकायची, हे मी स्वच्छ उन्हातही करून ठेवलं.

खाण्याचा भाग आपल्या लोकांसाठी लिहिते. धावताना ताकदीसाठी चोखायच्या गोड जेलची पाकिटं मला दोन तासांनंतर गिळवत नाहीत. शेंगदाण्याची चिक्की थंडीत इतकी कडक होते की धावताना दातांनी तुटत नाही. राजगिऱ्याची वडी उत्तम, पण तोंड कोरडं पडलेलं असेल तर तिचा भुगा घशात अडकतो. शेवटी टिकले ते तीन पदार्थ: तूप जरा जास्त घातलेली गूळपापडी, बी काढून मीठ लावलेला खजूर, आणि उकडलेल्या छोट्या बटाट्यांना मीठ-जिरं. दर अर्ध्या तासाला थोडं, भूक असो-नसो, आणि शक्यतो चढ सुरू होताना, कारण चढावर चालत असतो तेव्हा चावायला सवड मिळते. उतारावर तोंडात काहीही ठेवू नये.

शर्यतीच्या सकाळी हॉर्टनच्या मैदानावर वारा होता आणि बारीक पाऊस. सामानाची तपासणी आधी. टोपी असलेलं, शिवणी बंद केलेलं वॉटरप्रूफ जाकीट, तशीच पँट, कानटोपी, हातमोजे, नकाशा, होकायंत्र, शिट्टी, आणीबाणीसाठी खाणं. हे सगळं कमरेच्या पिशवीत प्रत्येकाकडे असायलाच लागतं. काहींना ही कटकट वाटते. मला अजिबात वाटत नाही. गुडघा मुरगळून वीस मिनिटं वाऱ्यात बसावं लागलं तर घामाने भिजलेल्या माणसाचं अंग किती झपाट्याने गार पडतं हे मी जानेवारीत दुसऱ्या एका धावकाच्या बाबतीत पाहिलं आहे. त्याच्या पिशवीतली ती पँट त्या दिवशी कामाला आली.

पेन-इ-गेंटचा चढ मी गुडघ्यांवर हात ठेवून चालत काढला. पुढे गेलेले लोक वरून उतरत होते, वाटेच्या कडेने, गवतावरून, आणि जाता जाता धापा टाकत "शाब्बास" म्हणत होते. माथ्यावर खूण नोंदवली, वळले आणि झुकले. हा उतार माझा होता. वर येताना मला मागे टाकणाऱ्यांपैकी कितीतरी जण तिथे टाचा रोवत उतरत होते, त्यांच्या बाजूने मी खाली गेले. पुढची वाट फार सुंदर नाही. कुंपणं, फाटकं, शेतातले चिखलाचे तुकडे, कच्चा रस्ता. इथे नुसतं धावत राहायचं असतं, चढाचा शीण पायात असताना. शर्यतीतला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच असूनही त्याचे फोटो कुणी काढत नाही. रिबलहेडचा चोवीस कमानींचा रेल्वेपूल दिसायला लागला तेव्हा घड्याळ बघायचा धीर झाला. चेकपॉइंटला पोचले तेव्हा २ तास ५ मिनिटं झाली होती.

पाणी प्यायले, बटाटे खाल्ले, निघाले. व्हर्नसाइडला फिरायला येणारे लोक लांबून वळसा घेत चढतात. शर्यत ओढा ओलांडून सरळ त्या डोंगराच्या छातीवर जाते. शेवटचा भाग इतका उभा आहे की पुढच्या माणसाचे बूट आपल्या नाकासमोर असतात आणि आपण गवताच्या जुड्या धरून वर सरकतो. तिथे कोणी बोलत नव्हतं. वर ढग होता, वारा तिरका लागत होता, बोटं इतकी आखडली की खजुराच्या पिशवीची गाठ दाताने सोडवली. उतारावर ओल्या फरशा आल्या, तिथे मुद्दाम सावकाश गेले. खोल दातांचे रबरी तळवे मातीत रुततात, पण गुळगुळीत ओल्या दगडावर त्यांचा काही उपयोग नसतो.

हिल इनला ३ तास २२ मिनिटं. रस्त्याच्या कडेला लोक घंटा वाजवत उभे होते, एका लहान मुलीने हातावर गोळ्या ठेवल्या. आता वेळेची टांगती तलवार नव्हती, आणि नेमका तिथेच डाव्या पोटरीत गोळा आला. इंगलबरोच्या पायथ्याशी पोचेपर्यंत चार पावलं धाव, दहा पावलं चाल असं चाललं होतं. एका अनोळखी गृहस्थांनी न विचारता थांबून मिठाची गोळी दिली आणि पुढे गेले. शेवटचा खडकाळ चढ हाताचा आधार घेत काढला. माथ्यावर ढग होताच. बाकीचे धावक दिसत होते, तरी मी होकायंत्र काढलं, दिशा बघितली आणि मगच निघाले. समोरचा माणूस बरोबरच जात असेल असं इथे गृहीत धरू नये.

पुढचे सात-आठ किलोमीटर उतार आणि चुनखडीचा दगड. वर्षानुवर्षांच्या पाण्याने या दगडात भेगा कोरल्या आहेत, कुठे बोटभर, कुठे गुडघाभर. पाऊस पडून गेला की वरचा पृष्ठभाग साबण लावल्यासारखा होतो. मी शक्य तिथे दगड सोडून कडेच्या गवतावरून उतरले. पोटरी दुखत होती पण मांड्या शाबूत होत्या, आणि त्या सबंध उतारावर मी एकदाही चालले नाही. शेवटी रेल्वेचे रूळ दिसले, गाव दिसलं, मैदानावरचा तंबू दिसला. ५ तास ३ मिनिटं. नवरा आणि मुलगा शर्यत संपते तिथल्या कमानीच्या बाजूला उभे होते. मुलाने आधी बुटांकडे पाहिलं आणि विचारलं, "आई, हे घरी आणायचे का?" मी रडत होते आणि हसतही होते, त्यामुळे उत्तर त्याच्या बाबांनी दिलं.

त्या संध्याकाळी पिठलं-भात खाऊन नऊला झोपले. सोमवारी कामावर जिन्याने उतरताना कठडा धरावा लागला नाही. मागच्या वर्षी याच्या निम्म्या अंतराच्या शर्यतीनंतर मी तीन दिवस जिना पाठमोरी उतरत होते. माझ्या दृष्टीने ५ तास ३ मिनिटांपेक्षा हा निकाल मोठा आहे.

आता डोळ्यांसमोर लेक डिस्ट्रिक्टमधली बॉरोडेलची शर्यत आहे. ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी असते. १७ मैल, साडेसहा हजार फूट चढाई, वाटेत स्केफेल पाइक हे इंग्लंडचं सर्वांत उंच शिखर आणि त्याच्या पुढे ग्रेट गेबल. बिली ब्लँडने १९८१ साली ती २ तास ३४ मिनिटांत धावली होती. तिथे गवत कमी आणि सुटे, हलणारे दगड जास्त. इल्कलीचा उतार त्याला पुरणार नाही. म्हणून पुढच्या महिन्यात दोन दिवसांची रजा टाकली आहे, आणि त्या साठीच्या बाई बरोबर येणार आहेत.