मांडीतला डग्गा

गेल्या रविवारी बडोद्याच्या कमाटीबागेत भाच्याने माझा धावतानाचा व्हिडिओ काढला. मोबाइलवरचा स्लो मोशन, सेकंदाला २४० चित्रं. माझी टाच जमिनीवर कशी आपटते ते त्याला मला दाखवायचं होतं. मी मात्र मांडीकडे बघत राहिले. पाऊल टेकलं आणि गुडघ्याच्या वरून एक लाट उठली, मांडीभर चढली, परत आली, पुन्हा उठली आणि विरली. पोटरीतही तसंच, पण लहान आणि जलद.

"आत्या, तू टाच बघ ना!" तो म्हणत होता.

मी ५२ वर्षांची आहे. तीन वर्षं धावते आहे आणि ही तीनही वर्षं गुडघ्यापर्यंतचा सैल कुर्ता घालूनच धावले. हे हलणं मला जाणवायचं, आणि ते कुणाला दिसू नये असं वाटायचं. त्या दिवशी मीच ते पहिल्यांदा नीट पाहिलं. मी तबला शिकवते. ताणलेल्या कातड्यावर थाप पडली की काय होतं हे बघण्यात माझी चाळीस वर्षं गेली. समोर तेच चाललं होतं.

रात्री दांडिया बाजारातल्या घरी एकेक चित्र पुढे सरकवत मोजलं. मांडीचा एक पूर्ण हेलकावा जवळपास सोळा चित्रांत संपत होता. २४० ला सोळाने भागा, सेकंदाला पंधरा कंपनं. आपला कान साधारण वीसच्या पुढचं ऐकतो, म्हणजे हा नाद ऐकू येण्याच्या जरासा खालचा. मग वाचायला बसले. धावताना पाय जमिनीवर पडतो तेव्हा वजनाच्या दुप्पट-अडीचपट जोर वर येतो. मी ६४ किलोची, तेव्हा दीडशे किलोच्या आसपास. टाच टेकल्यावर पहिला धक्का सेकंदाच्या विसाव्या भागात येऊन जातो, माझ्या व्हिडिओत फक्त बारा चित्रं. त्या धक्क्याची स्वतःची कंपनं सेकंदाला दहा ते वीसच्या घरात असतात, आणि पायाच्या स्नायूंची नैसर्गिक कंपनं साधारण दहा ते पन्नासच्या. दोन्ही एकमेकांत मिसळतात. सतारीच्या तरफा, म्हणजे मुख्य तारांखालच्या बारीक तारा, न छेडता घुमतात त्याचं कारण हेच: बाहेरून आलेली कंपनं तारेच्या स्वतःच्या कंपनांशी जुळली की तार आपोआप बोलू लागते. मग मांडी प्रत्येक पावलागणिक वाढत्या जोराने का घुमत नाही?

कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठातले बेनो निग आणि त्यांचे सहकारी यांनी याचं उत्तर मांडलं: पाय टेकण्याआधीच स्नायू घट्ट होतात. पाऊल अजून हवेत असतं तेव्हाच. घट्ट झाले की त्यांची कंपनसंख्या बदलते, आणि उठलेलं कंपन लवकर शोषलं जातं. या कल्पनेला इंग्रजीत जे नाव आहे त्याचा अर्थ सरळ 'स्नायू लावणं' असा होतो. आम्ही तबला सुरात लावतो, तेच क्रियापद! वाचता वाचता मी उठले आणि डग्गा, तबल्याच्या जोडीतला डाव्या हाताचा, जवळ ओढला. 'गे' हा उघडा बोल वाजवून बोटं उचलली की घुमारा राहतो. 'के' वाजवताना पंजा कातड्यावरच राहतो आणि नाद जागीच मरतो. मनगट दाबत नेलं की स्वर चढतो. पाय हेच करतो, पंजा नसताना, स्वतःला आतून आवळून. आणि समेवर हात पडायचा तर तो आधी उचलावा लागतो, तसंच हे आवळणंही आधीच सुरू होतं.

हे फुकट होत नाही. मी मिनिटाला साधारण १६० पावलं टाकते, अर्ध्या तासात ४,८००. तितके वेळा स्नायू लागतो आणि सुटतो. दमलेला स्नायू नीट लागत नाही. लांब पळताना कंपनं वाढत जातात असं अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून बुधवारी भाच्याला पहाटे पुन्हा उठवलं. एक व्हिडिओ पहिल्या फेरीत, एक पाचव्या किलोमीटरला. पहिल्यात लाट दोन हेलकाव्यांत विरली. दुसर्‍यात चौथा हेलकावा स्पष्ट दिसत होता. दोन व्हिडिओंनी काही सिद्ध होत नाही हे मला कळतं, पण शेवटच्या किलोमीटरला पाय 'उघडे' वाजतात असं जे मला वाटायचं, ते त्या चित्रांत होतं. त्या दिवसापासून तसं वाटलं की मी चालायला लागते. घट्ट पायजमा घातल्यावर हेलकावा लहान होतो, तोही घेतला. त्याने वेग वाढेल अशी माझी अपेक्षा नाही.

एक गोष्ट मला बायकांसाठी लिहायची आहे, कारण ती मला कुणी सांगितली नाही. मांडीला स्वतःला आवळता येतं. छातीला येत नाही. स्तनात चरबी, ग्रंथी, वरची त्वचा आणि आतले पातळ धागे असतात. स्नायू असतो तो मागे, फासळ्यांवर. त्यामुळे तिथलं हलणं शरीर आतून थांबवू शकत नाही, आधार बाहेरूनच द्यावा लागतो. आणि ते फक्त वर-खाली नसतं, आडवं आणि पुढे-मागेही असतं. पहिली स्पोर्ट्स ब्रा १९७७ मध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये तीन बायकांनी शिवली. पहिला नमुना पुरुष खेळाडूंचे दोन लंगोटपट्टे जोडून केला होता. मी दोन वर्षं दुखणं सोसलं. बाजारातल्या एका दुकानात विचारलं तर "या वयात कशाला, बेन?" असं ऐकून परत आले, आणि पुढे सहा महिने कुठेच विचारलं नाही. ते सहा महिने मला आजही टोचतात. शेवटी रुंद पट्ट्यांची, पाठीवर नीट बसणारी मिळाली. पहिल्याच दिवशी फुलांच्या घड्याळापर्यंत गेले तेव्हा लक्षात आलं की मी हात छातीशी धरून धावत नाहीये. दोन्ही हात मोकळे सुटले होते, लयीत.

काल भाचा म्हणाला, "आत्या, कुर्ता?" मी म्हटलं, "घरी." आणि व्हिडिओ सुरू करायला सांगितला.