किलोमीटरमागे पावणेचार रुपये

मुंबईच्या पश्चिम उपनगरातल्या एका शोरूममध्ये मी सतरा वर्षे गाड्या विकतो आहे. एवढ्या काळात एक गोष्ट पक्की कळली, ती ही की जो ग्राहक सवलतीसाठी घासाघीस करतो त्याचा निर्णय बहुधा झालेला असतो. खरा अडलेला असतो तो ऑन-रोड, म्हणजे कर, नोंदणी, विमा धरून होणारी, किंमत ऐकून गप्प होणारा आणि ‘घरी विचार करून सांगतो’ म्हणत उठणारा. त्याला किंमत जड गेलेली नसते. ‘गाडी घेता येईल हो, पण पोसता येईल का?’ हा प्रश्न त्याच्या मनात असतो आणि तो विचारायला त्याला संकोच वाटतो. अशा माणसासमोर मी माहितीपत्रक ठेवत नाही. कोरा कागद घेतो आणि महिन्याला गाडी किती किलोमीटर चालेल, एवढेच विचारतो.

मागच्या पावसाळ्यात मुलुंडचे एक जोडपे आले होते. त्यांची जुनी पेट्रोल गाडी अकरा वर्षांची झाली होती. साहेबांची नोकरी अंधेरीच्या सीप्झ या औद्योगिक वसाहतीत, रस्ता जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याचा, आणि येऊनजाऊन, वरकड कामे धरून रोजचे चाळीस किलोमीटर. महिन्याचे पंचवीस दिवस धरले की हजार किलोमीटर होतात, वर्षाचे १२,०००. कंपनीच्या चाचणीतले ॲव्हरेज मी बाजूला ठेवले, कारण पवईच्या सिग्नलला पहिल्या गिअरमध्ये सरकणाऱ्या गाडीला ते कधी मिळत नाही. पेट्रोलला लिटरमागे १४ आणि सीएनजीला किलोमागे २२ किलोमीटर धरले. पेट्रोल १०४ रुपये आणि गॅस ८० रुपये मानला, तर पेट्रोलवर किलोमीटरला साधारण ७ रुपये ४० पैसे पडतात आणि गॅसवर ३ रुपये ६५ पैसे. फरक पावणेचार रुपयांचा, म्हणजे वर्षाला ४५,०००. त्यांना आवडलेल्या मॉडेलची सीएनजी गाडी पेट्रोलपेक्षा ९५,००० रुपयांनी महाग होती. ते पैसे सव्वादोन वर्षांच्या आत वसूल होत होते. हेच गणित फक्त रविवारी गाडी काढणाऱ्या, महिन्याला ३०० किलोमीटर चालवणाऱ्या माणसासाठी मांडले तर वसुलीला सात वर्षे लागतात, आणि अशा माणसाला मी पेट्रोलच घ्यायला सांगतो.

हे शहाणपण मला एका चुकीतून आले आहे. २०१२ मध्ये एका शिक्षकांना मी डिझेल गाडी घ्यायला लावली होती. तेव्हा सरकारी नियंत्रणामुळे डिझेल पेट्रोलपेक्षा लिटरमागे पंचवीस-तीस रुपयांनी स्वस्त होते, आणि हा फरक पुढची दहा वर्षे तसाच राहील असे गृहीत धरून मी त्यांना बचतीचा भलामोठा आकडा दाखवला. जानेवारी २०१३ पासून डिझेलचे दर महिन्याला थोडेथोडे वाढू लागले आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये ते पूर्ण नियंत्रणमुक्त झाले. फरक आटत गेला. गुरुजी मुळात सुट्टीच्या दिवशीच गाडी काढत, त्यामुळे वर जादा दिलेले लाखभर रुपये काही वसूल झाले नाहीत. ते कधी रागावले नाहीत, मात्र सर्व्हिसिंगला आले की ‘तुमचा तो कागद अजून माझ्याकडे आहे’ असे हसत सांगत. ते हसणे मला पुरेसे होते.

तेव्हापासून माझ्या कागदावर एक ओळ वाढली आहे : हा फरक निम्म्यावर आला तर? मुलुंडच्या जोडप्यासाठी ती ओळही मांडली. वर्षाची बचत साडेबावीस हजारांवर येते आणि वसुलीला सव्वाचार वर्षे लागतात. गाडी आठ-दहा वर्षे ठेवायची असेल तर तरीही परवडते, तीन वर्षांत विकायची असेल तर नाही. आमच्या मॅनेजरला ही ओळ फारशी आवडत नाही. माझा अनुभव मात्र असा की ग्राहक तिच्यापाशी येऊन थांबतो, आणि तिथून पुढचे आकडे तो विश्वासाने वाचू लागतो.

बाकीच्या रकमांपैकी विमा, टायर, दर तीन वर्षांनी होणारी सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाखाली होणारी तपासणी) यांवर फार वेळ घालवावा लागत नाही. कर्जावर मात्र घालवावा लागतो. ८ लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे १६,६०० रुपये बसतो आणि सात वर्षांसाठी १२,९००. हलका हप्ता पाहून माणूस सुखावतो, पण त्या दोन वर्षांपायी सुमारे ८५,००० रुपये जादा व्याज जाते. म्हणजे गॅसवर दोन वर्षांत जे वाचवले, ते जवळजवळ सगळे बँकेला दिले. विजेच्या गाडीचा धावण्याचा खर्च याहूनही कमी येतो आणि तिच्यावर जीएसटीही ५ टक्केच आहे, परंतु या जोडप्याच्या सोसायटीत पार्किंगपाशी वीज नव्हती आणि कमिटीची परवानगी मिळेपर्यंत थांबण्याची त्यांची तयारी नव्हती. तो विषय तिथेच संपला.

एवढा वेळ बाई गप्प होत्या. डिकीत सिलिंडर असेल तर गणपतीला गावी जाताना सामान कुठे ठेवायचे, हे त्यांनी आधी विचारून घेतले होते, आणि टाटाने २०२३ मध्ये अल्ट्रोझमध्ये आणलेली, डिकीत सामानाला जागा ठेवणारी दोन लहान सिलिंडरांची मांडणी मी त्यांना समजावून सांगितली होती. आता त्यांनी कागदावर बोट ठेवले. “पंपावर रांगेत उभं राहायचं, त्याचे पैसे यात कुठे धरलेत?” मी ते धरले नव्हते. एका वेळी आठ किलो गॅस भरला तर १७५ किलोमीटर जातात, म्हणजे महिन्यातून सहा वेळा पंपावर जावे लागणार. प्रत्येक वेळी वीस मिनिटे धरली तरी दोन तास झाले, आणि महिन्याची बचत ३,७५० रुपये. “दोन तासांना पावणेचार हजार,” त्या नवऱ्याकडे पाहत म्हणाल्या, “रात्री जेवण झाल्यावर तुम्हीच जायचं.” तरीही बुकिंग झाले नाही. कागद घडी करून पर्समध्ये गेला.

तीन आठवड्यांनी दोघे परत आले, तेव्हा बाईंच्या हातात शाळेची एक जुनी वही होती. त्यांनी जुन्या गाडीची टाकी फुल करून, किलोमीटर टिपून, पुन्हा टाकी फुल करून, असे तीनदा मोजले होते. माझ्या कागदावर १४ चे ॲव्हरेज होते, त्यांच्या वहीत १२.६ निघाले. आम्ही सगळे गणित पुन्हा मांडले. त्या रस्त्यावर गॅसचेही ॲव्हरेज २२ वरून २० वर आणले, तरी फरक सव्वाचार रुपयांवर गेला आणि वसुलीचा काळ पंचवीस महिन्यांवरून बावीसवर आला. बाईंनी माझे पेन मागून घेतले, वहीच्या शेवटच्या पानावर बावीस लिहून त्याखाली रेघ ओढली आणि पाच वर्षांच्या हप्त्याचा फॉर्म पुढे करायला सांगितले.